गिधाडे गेली, आता ढोर कोणी ओढायचे?



वर्षावासानिमित्त विज्ञानावर दोन शब्द बोलावेत अशी सूचना संस्थेने केली, तेव्हा आम्ही आधी नकारच दिला होता. आम्ही कला शाखेचे पदवीधर, आणि पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी करणारे. विज्ञान शिकविण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु अभ्यासिकेतल्या मुलांना आम्ही सहज एक प्रश्न विचारला, "तुमच्यापैकी गिधाड कोणी पाहिले आहे?" एकही हात वर झाला नाही. एक मुलगा म्हणाला, "काका, मोबाईलवर पाहिलंय." तेव्हाच आजचा विषय ठरला.

आमच्या लहानपणी, म्हणजे 1980 नंतरच्या दशकात, गावाबाहेर मेलेले ढोर पडले की आकाशात घिरट्या सुरू होत. आधी दोन-चार, मग पाहता पाहता पन्नासेक गिधाडे उतरत. आम्ही पोरे लांबून बांधावर उभे राहून पाहायचो. तासाभरात हाडांचा सापळा तेवढा उरायचा. त्या पक्ष्याची आम्हाला किळस वाटे. कोणी हावरट दिसला की त्याला गिधाड म्हणायचे, ही आपल्या भाषेची रीतच आहे. परंतु ज्या राजगृहाच्या टेकडीवर तथागतांनी अनेक उपदेश केले तिचे नाव गृध्रकूट, पालीत गिज्झकूट, म्हणजे गिधाडांचे शिखर. हे आम्हाला फार उशिरा कळले आणि मनातली किळस थोडी कमी झाली.

आता थोडे शरीरशास्त्र पाहू. सडलेले मांस तुम्ही-आम्ही खाल्ले तर दवाखाना गाठावा लागेल. गिधाडाच्या जठरातील आम्ल मात्र इतके तीव्र असते की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तेथेच मरतात. डोके व मान जवळजवळ बिनपिसांची असल्याने ती मांसात घातली तरी घाण फारशी अडकून राहत नाही. म्हणजे ज्या रूपाला आपण ओंगळ म्हणतो, ते रूप स्वच्छतेच्या कामासाठीच घडलेले आहे.

दुसरी गोष्ट मूत्रपिंडाची. आपण डाळ, अंडी, मांस खातो. त्यातील प्रथिने वापरली गेली की शरीरात नत्रयुक्त कचरा उरतो. माणसाचे शरीर त्याचा मुख्यतः युरिया करते आणि पाण्यात विरघळवून लघवीवाटे बाहेर टाकते. आपली दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, त्यातले बहुतेक सारे परत रक्तात घेतात आणि दीड-एक लिटर लघवी तयार करतात. पक्ष्याला एवढे पाणी अंगावर बाळगून उडणे परवडणारे नाही. म्हणून त्याचे शरीर त्या कचऱ्याचे युरिक आम्ल करते आणि ते घट्ट स्वरूपात बाहेर टाकते. भिंतीवर कावळा शिटतो त्यातला पांढरा भाग म्हणजे हेच युरिक आम्ल. मित्रांनो, रोज दिसणाऱ्या या पांढऱ्या डागातच गिधाडांच्या मरणाचे उत्तर आहे.

1990 नंतरच्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या अभयारण्यात गिधाडे माना टाकून बसू लागली आणि झाडावरून मरून पडू लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी या ऱ्हासाकडे जगाचे लक्ष वेधले. पांढऱ्या पाठीची गिधाडे 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत 99.9 टक्के घटली. म्हणजे हजार होती तेथे एक उरले. लांब चोचीची गिधाडे सुमारे 97 टक्के घटली. आमच्या गावी याची कारणे तऱ्हेतऱ्हेची सांगितली जात. कोणी म्हणे कापसावरच्या फवारणीने मेली, कोणी म्हणे उंच झाडे तुटली म्हणून गेली, कोणी म्हणे कलियुग आले.

खरे कारण 2004 साली पुढे आले. पाकिस्तानातील पंजाबात मेलेली गिधाडे डॉ. लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. त्यांच्या मूत्रपिंडांवर आणि इतर अवयवांवर चुना फासावा तसा पांढरा थर होता. तो थर युरिक आम्लाचा होता. गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि त्याला कारण होते डायक्लोफिनॅक. होय, कंबर दुखली की आपण ज्या औषधाची गोळी किंवा सुई घेतो, तेच हे औषध. ते स्वस्तात मिळू लागल्यावर लंगडणाऱ्या बैलाला, ताप आलेल्या गाईला सर्रास टोचले गेले. असे जनावर एक-दोन दिवसांत मेले तर औषध त्याच्या मांसात शिल्लक राही आणि ते खाणारी गिधाडे काही दिवसांत मरत. शंभरातील एखाद्या मेलेल्या जनावरात जरी हे औषध असले, तरी एवढा संहार घडायला ते पुरेसे होते, असे शास्त्रज्ञांनी गणित मांडून दाखविले. कारण एका ढोरावर पन्नास-पन्नास गिधाडे जेवतात, आणि मादी वर्षाला अंडे घालते फक्त एक.

येथे आपल्या शरीराविषयीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. कापूस वेचून, ऊस तोडून आलेली आपली माणसे अंग दुखते म्हणून दुकानातून गोळी आणतात आणि महिनोन्‌महिने खातात. या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करू शकतात. परभणीच्या उन्हात घाम गळून शरीरातले पाणी कमी झालेले असताना हा धोका वाढतो. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत हे औषध उपयोगीच आहे. पण विचारल्याशिवाय रोज खाण्याचा हा खाऊ नव्हे.

आता गिधाडे गेल्याने काय झाले ते पाहू. बँकेत जनावरांच्या कर्जाचे टेबल आमच्याकडे होते. विम्याचे जनावर मेले की कानातील बिल्ला, डॉक्टरांचा दाखला आणि मेलेल्या जनावराचा फोटो फाईलला लागत असे. त्या फोटोंत आम्हाला कधी गिधाड दिसले नाही. कडेला कुत्री मात्र हमखास दिसत. गिधाडांचे अन्न कुत्र्यांना मिळाले आणि कुत्री वाढली. गिधाडाच्या पोटात रोग संपतो, कुत्रा मात्र पिसाळला की रोग दारापर्यंत आणतो. आयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. गिधाडांच्या वस्तीला अनुकूल असलेले जिल्हे आणि इतर जिल्हे यांची त्यांनी तुलना केली. गिधाडे गेल्यामुळे 2000 ते 2005 या काळात भारतात सुमारे 5 लाख माणसे जास्त मेली, असा त्यांचा अंदाज आहे. पिसाळलेल्या कुत्र्यांबरोबरच सडलेल्या जनावरांनी नासलेले पाणी हेही त्यामागचे कारण असावे, असे ते सांगतात.

उपासक-उपासिकांनो, या विषयाचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. मेलेले ढोर ओढणे हे काम कोणाच्या गळ्यात बांधले होते, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयाची गरज नाही. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. ते वारे गावोगाव पोहोचले. आमच्या आजोबांनी आपल्या गावी ढोर ओढायचे नाकारले, तेव्हा गावाने किराणा बंद केला, दळण बंद केले. आजी सांगायची, "आठ दिस कण्या शिजवून खाल्ल्या, पर ढोराला हात लावला न्हाई." ढोर गावकुसाशी पडून राहिले. आणि ते साफ कोणी केले? गिधाडांनी. आजी म्हणायची, "त्या पाखरांनी आपली लाज राखली." लहानपणी आम्हाला त्याचे हसू येई. आज येत नाही.

कारण प्रश्न पुन्हा तेथेच येऊन ठेपला आहे. गिधाडे नाहीत, मग ढोर कोणी ओढायचे? जुलै 2016 मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या आपल्या बांधवांना मारहाण झाली. त्यानंतर तेथील समाजाने मेलेली जनावरे उचलण्यास नकार दिला. जे काम निसर्ग फुकट करीत होता आणि त्यात कोणाची जात विचारीत नव्हता, ते काम पुन्हा जन्मावरून कोणाच्या माथी मारले जाता कामा नये. गावची स्वच्छता ही ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. जेसीबी लावून, विहिरी-ओढ्यापासून दूर खोल खड्डा करून, चुना टाकून ढोर पुरता येते. तसा ठराव ग्रामसभेत मांडावा, आणि तो मांडण्यात आपल्या तरुणांनी पुढे असावे.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. भारत सरकारने 2006 साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात, म्हणून 2015 साली त्या बंद करून एका वेळेपुरती 3 मिलिलिटरची कुपी ठेवली. 2023 साली जनावरांसाठीचे किटोप्रोफेन व असेक्लोफिनॅकही बंद झाले. मेलॉक्सिकॅम हे औषध जनावराचे दुखणे कमी करते आणि गिधाडाला अपाय करीत नाही, हे सिद्ध झाले आहे. बंदीनंतर गिधाडांची घट मंदावली. हरियाणातील पिंजोर येथे वाढविलेली गिधाडे 2024 साली आपल्या पेंच आणि ताडोबाच्या जंगलात आणण्यात आली. बाबासाहेबांचे महाड ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील म्हसळा तालुक्यात चिरगाव येथे लोकांनी पांढऱ्या पाठीची गिधाडे जपली आहेत.

आपण काय करावयाचे? पहिली गोष्ट, जनावर आजारी पडले की दुकानातून सुई आणून टोचू नये. जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे आणि मेलॉक्सिकॅम चालेल का, असे विचारावे. शेळी-म्हैस पाळणाऱ्या आपल्या भगिनींनी हे नाव पाठच करावे. दुसरी गोष्ट, कुत्रा चावला तर जखमेत मिरची, हळद, चुना भरू नये, उतारा करणाऱ्याकडे जाऊ नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. पोटात घ्यायची चौदा इंजेक्शने केव्हाच बंद झाली. आता दंडात थोड्याच सुया असतात, पण सांगितलेल्या तारखांना त्या सर्व घ्याव्या लागतात. जखम खोल असेल तर आणखी एक इंजेक्शन जखमेभोवती द्यावे लागते. ते आपण होऊन विचारावे. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही.

हे असते म्हणून ते होते, हे नसते म्हणून ते होत नाही, असा कार्यकारणभाव भगवान बुद्धांनी शिकविला. बैलाच्या पायात टोचलेली सुई, गिधाडाचे मूत्रपिंड, गावाबाहेरचा कुत्रा आणि आपल्या लेकराच्या पोटरीवरची जखम या एकाच साखळीच्या कड्या आहेत. मंत्राने ती साखळी तुटली नाही. कोणीतरी मेलेले गिधाड उघडून पाहिले, "असे का झाले?" असा प्रश्न विचारला, तेव्हा ती तुटू लागली. विद्यार्थी मित्रांनो, तो प्रश्न विचारायला कला शाखाही आड येत नाही.

या मुलांच्या मुलांना बोरीच्या आभाळात गिधाड दिसावे आणि ढोर ओढणारा माणूस मात्र कोठेही दिसू नये, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि आमचे दोन शब्द संपवितो.

जयभीम! नमो बुद्धाय!