वृद्ध कुत्र्याची झोप



केज तालुक्यातील आमच्या नांदूरघाटास कुत्रे म्हणजे शेताचा राखणदार. त्याने रात्री जागावे. दिवसा तो कोठे निजला याची चौकशी कोणी करीत नाही. परंतु पामेरियन या नावाने ओळखले जाणारे लहानसे, पांढरे, झुबकेदार शेपटीचे कुत्रे आता शहरांप्रमाणे खेड्यांतील घरांतही आले आहे. आमचा मोती तेरा वर्षांचा असून, घर त्याचे आणि आम्ही पाहुणे, असे आमच्या मंडळींचे मत आहे.

लहान जातीची कुत्री थोराड कुत्र्यांहून दीर्घायुषी असतात. बारा ते पंधरा वर्षे ती सहज जगतात. प्रौढ कुत्रे दिवसरात्र मिळून सुमारे निम्मा काळ झोपते. दहाव्या वर्षानंतर ही झोप वाढते, धावणे कमी होते, दारावरच्या हाकेस उठण्यास विलंब लागतो. हे सर्व हळूहळू घडत असेल तर चिंतेचे कारण नाही. मात्र दिवसाची झोप रात्रीच्या जागरणाची भरपाई तर नव्हे, हे पाहिले पाहिजे.

ते मी पाहिले नाही. गतवर्षी पावसाळ्यात मोती रात्री दोनच्या सुमारास उठून भिंतीकडेने फिरू लागला, कण्हू लागला आणि दिवसभर निपचित पडू लागला. म्हातारचळ म्हणून मी त्यास रागे भरलो व ओसरीवर बांधू लागलो. असा एक महिना गेला. पुढे पशुवैद्यांनी त्याचा मागचा पाय दाबताच तो कळवळला. गुडघ्याची वाटी सरकणे हा लहान कुत्र्यांत नेहमी आढळणारा विकार आहे. त्यातून सांधा झिजला होता. थंड शहाबादी फरशीवर त्यास एका कुशीवर निजवत नव्हते. औषधाने आणि दुहेरी गोधडीने तो आठवड्यात झोपू लागला. त्या महिन्याचा मला अद्याप विषाद वाटतो. शाळेतही पहिल्या तासास पेंगणाऱ्या एका मुलास मी बाकावर उभे केले होते. कृषिपंपास वीज रात्रीची मिळे म्हणून तो बापाबरोबर उसास पाणी देत असे, हे मला मागाहून कळले.

वेदना हे एकच कारण नव्हे. वारंवार पाणी पिऊन लघवीस उठणारे कुत्रे मूत्रपिंडाच्या विकाराने वा मधुमेहाने पीडित असू शकते. मेंदूही जीर्ण होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ११ ते १२ वर्षांच्या २८ टक्के, तर १५ ते १६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत अशा जीर्णतेचे एखादे तरी लक्षण आढळले. झोपेची उलटापालट हे त्यांपैकीच एक होय. अशा कुत्र्यासाठी रात्री मंद दिवा ठेवावा, सायंकाळी थोडे फिरवावे आणि घरातील सामानाची जागा बदलू नये.

माणसाची वेदनाशामक गोळी मात्र चुकूनही देऊ नये. ती कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

लहान कुत्र्यांत हृदयाची झडप सैल होण्याचा विकारही वारंवार आढळतो. त्याची नोंद घरीच ठेवता येते. कुत्रे गाढ निजले असता छातीची वरखाली अर्धा मिनिट मोजावी व दुप्पट करावी. मिनिटास तीसहून अधिक श्वास वारंवार भरू लागले, तर विलंब न करता पशुवैद्यांकडे न्यावे. मोतीच्या हृदयातही पशुवैद्यांना किंचित आवाज ऐकू आला असल्याने रोज रात्री घड्याळ घेऊन मी त्याच्याजवळ बसतो. काल चोवीस भरले.