गाडी पिकअप घेत नाही तेव्हा

हातात निवडायला मेथीची जुडी असेल तर निवडत निवडतच ऐका. आज बोलायचंय आमच्या गटांच्या टेम्पोबद्दल.

आमच्या ग्रामसंघातल्या गटांनी बँकेचं कर्ज काढून एक जुना डिझेल टेम्पो घेतला. दहिवडीकडच्या आमच्या गावांतून कांदा आणि भाजी फलटणला न्यायची, येताना सरकी पेंडीची पोती आणायची. चालवायला आमच्यातलीच एक ताई. रीतसर शिकली, लायसन काढलं. पहिले सहा महिने सगळं सुरळीत चाललं. मग परतीला मोगराळे घाट चढताना गाडी दम सोडायला लागली. रेस कितीही द्या, पिकअपच घेईना. एकदा तर अर्ध्या घाटात चाकामागे दगड लावून पोती दुसऱ्या गाडीत भरावी लागली.

गावात लगेच बोलणं सुरू झालं, "बाईच्या हातात गाडी दिली, क्लच जाळला असणार." गॅरेजमध्ये तर बॉनेटही न उघडता सांगितलं की पंप-नोझलचं काम आहे, 20 हजार लागतील. हप्ता तोंडावर आलेला. ताईनं बैठकीत किल्ली आणून सतरंजीवर ठेवली. म्हणाली, "दुसरा ड्रायव्हर बघा."

किल्ली कुणी उचलली नाही. आम्ही ठरवलं, पैसे मोजायच्या आधी दोष कुठे आहे ते तरी बघू. आमच्या एका सदस्येचे सासरे एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. मामांना बोलावलं. ते म्हणाले, "गाडी पळत नाही याची कारणं मोजकीच. आधी फुकटात बघता येतं ते बघा, मग स्वस्तातलं, आणि महागाचं सगळ्यात शेवटी."

पहिलं, रेसच्या पायदानाखाली चटई किंवा चिंधी अडकलीय का? नव्हती.

दुसरं, क्लच. रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी त्या मानानं पुढे जात नाही, तर क्लच घसरतोय. त्याची परीक्षा मोकळ्या सपाट जागेत घेतली. गाडीपुढे कुणाला उभं राहू दिलं नाही. हँडब्रेक ओढून वरचा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच धड असेल तर इंजिन बंद पडतं, घसरत असेल तर चालूच राहतं. आमचं इंजिन धाडकन बंद पडलं. म्हणजे क्लच ठणठणीत! ताईनं तेव्हा मान वर केली.

तिसरं, ब्रेक. ब्रेक धरून राहिला तर चाक जखडतं आणि तापतं. थोडं अंतर चालवून प्रत्येक चाकाजवळ हात धरून पाहिला. हात लावायचा नाही, चटका बसतो. चारही चाकं सारखीच होती.

चौथं, हवा. चुलीला वारा मिळाला नाही की ती धुरते, तसंच इंजिनाचं. आमची गाडी काळा धूर टाकत होती. एअर फिल्टर काढून आपटला तर आपल्या माणदेशातली मूठभर धूळ निघाली. नवा बसवला. इथे एक सांगून ठेवतो, फिल्टर खराब झाला म्हणून तो काढून टाकून गाडी कधी पळवू नका. धूळ इंजिनात जाते आणि आतून झीज करते.

धूर थांबला, सपाटीला गाडी छान पळाली. आम्ही पेढे वाटायचंच बाकी ठेवलं होतं. पण भरलेली गाडी घाटात पुन्हा अडखळली.

मामा म्हणाले, "आता पाचवं, डिझेल." रिकाम्या गाडीला थोडं डिझेल पुरतं, चढाला भरल्या गाडीला जास्त लागतं. फिल्टर तुंबला की नेमकं तिथंच कमी पडतं. इंजिन थंड असताना, आसपास विडी-काडी नाही हे बघून, फिल्टरच्या तळाचा स्क्रू काचेच्या बरणीवर सैल केला. बरणी जरा स्थिर झाली तशी खाली पाणी आणि वर डिझेल, असे दोन थर दिसले.

पाणी आलं कुठून? सांगायला लाज वाटते, पण सांगतो. पंप लांब, म्हणून आम्हीच कॅनमध्ये डिझेल आणून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवत होतो. झाकण सैल, पत्रा गळका. दोष ताईचा नव्हता, पंप-नोझलचाही नव्हता. तो आमच्या कॅनचा होता. मामांनी समोर उभं राहून टाकी धुऊन घेतली, नवा डिझेल फिल्टर बसवला, लाइनमधली हवा काढली. सगळं मिळून 20 हजारांच्या जागी दोन हजारांच्या आत भागलं. कॅन त्याच दिवशी बंद.

तुमची गाडी नवी असेल आणि समोर इंजिनाचा दिवा पेटला असेल, तर मात्र अंदाज करत बसू नका. अशा गाड्यांत दोष दिसला की आतला संगणक स्वतःच ताकद कमी करतो. स्कॅनर लावून दोष वाचून घ्या, आणि काय निघालं ते कागदावर लिहून मागा. कुठेही गेलात तरी "कशावरून?" हे विचारायला लाजू नका. जुना भाग बदलला तर तो परत मागा.

आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आहे लेखे. गटाचा रुपयान् रुपया आपण लिहितो, पण गाडीचं आम्ही एक अक्षर लिहिलं नव्हतं. फिल्टर आधी कधी बदलला, कुणाला सांगता येईना. आता गाडीत एक वही असते. किती किलोमीटरला काय बदललं, डिझेल कुठं भरलं, गाडी कुठं अडखळली, सगळं ताई लिहिते. महिन्याच्या बैठकीत ती वही बचतीच्या वहीसारखीच वाचली जाते.

परवा पेंडीची पोती भरून ताई घाट चढून आली. गाडी दारात लावली आणि किल्ली नेहमीच्या खिळ्याला अडकवली. आम्ही काही बोललो नाही, चहा टाकला.