जाळ्यालाही हवा बिगरहंगाम



यंत्राची निगा म्हणजे काय, हे वारणानगरात कोणी नव्याने सांगावे असे नाही. साखर कारखान्याचा हंगाम संपला, की गाळप थांबते आणि दुसरे काम सुरू होते. मिलचे रोलर उतरविले जातात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, पंप आणि झडपा उघडून तपासल्या जातात. हे महिने विसाव्याचे नसतात. पुढील हंगाम विनाखंड चालावा म्हणून ते राखून ठेवलेले असतात. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या सहकारी परिसरात ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मात्र गावाचे दप्तर आज ज्या यंत्रांवर विसंबून आहे, त्यांना असा बिगरहंगाम कोणी देत नाही. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

संगणकाचे जाळे वारणेला नवीन नाही. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प येथे हाती घेण्यात आला. खर्चाचा निम्मा वाटा केंद्र शासनाचा, ४० टक्के राज्य शासनाचा आणि १० टक्के वारणा समूहाचा होता. ऊसाची नोंद, तोडीचा क्रम, वजन आणि बिल ही माहिती शेतकऱ्याला गावातील केंद्रावरच मिळावी, हा त्याचा हेतू. पुढे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की गावातील संगणक मुख्यतः मध्यवर्ती केंद्राशी माहितीची देवाणघेवाण करण्याच्याच कामी येत होते आणि त्यांची देखभाल खर्चिक ठरत होती. तेव्हा सात गावांत संगणकाऐवजी मोबाईल फोनच्या लघुसंदेशांनी तेच काम करून पाहण्यात आले. गावाकडील टोक अशा रीतीने हलके झाले.

परंतु भार नाहीसा झाला नाही. तो मध्यवर्ती केंद्राकडे सरकला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तो हातातील फोनवर उमटतो खरा, पण नोंद असते दूरच्या सर्व्हरवर. मोठ्या केंद्रांत जागा आणि वीज वाचावी म्हणून अनेक ठिकाणी ब्लेड सर्व्हर वापरतात. पात्यासारखे सडपातळ असे १४ किंवा १६ संगणक एकाच पेटीत उभे बसविलेले असतात. वीजपुरवठा, पंखे आणि बाहेरच्या जगाशी जोडणी या साऱ्यांची सामाईक असते. ही जोडणी सांभाळणारे उपकरण म्हणजे स्विच. नाव तेच असले तरी हे विजेचे बटण नव्हे. टपाल कचेरीत आलेली पत्रे गावनिहाय वेगळी काढून योग्य थैलीत टाकली जातात, तसे माहितीचे प्रत्येक पाकीट योग्य संगणकाकडे धाडण्याचे काम स्विच करतो. तो बंद पडला, तर पेटीतील सगळे संगणक धडधाकट असूनही मुके होतात.

या स्विचच्या स्मृतीत एक आज्ञावली कायमची साठविलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. कोणतीही आज्ञावली निर्दोष नसते. काळाच्या ओघात दोष उघडकीस येतात आणि उत्पादक सुधारित आवृत्ती प्रसिद्ध करतो. ती बसविण्याचा आळस किती महाग पडतो, हे २०१८ साली दिसले. मार्चच्या अखेरीस एका नामांकित उत्पादकाने आपल्या स्विचमधील गंभीर दोष जाहीर करून दुरुस्तीही दिली. थोड्याच दिवसांत, ६ एप्रिल रोजी, दुरुस्ती न केलेल्या यंत्रांवर हल्ला झाला. त्यांतील मांडणी पुसली गेली आणि यंत्रे निकामी झाली. इराणच्या शासनाने जगभरातील बाधित स्विचची संख्या सुमारे दोन लाख सांगितली. त्यांतील साडेतीन हजार त्यांच्याच देशातील होते. मांडणीची प्रत ज्यांनी जपून ठेवली होती, त्यांचे काम लवकर सावरण्याजोगे होते. इतरांना सारे नव्याने उभारणे भाग होते.

मग नवी आवृत्ती येताच ती लगेच का बसवीत नाहीत? कारण या कामातही धोका आहे. नवे फर्मवेअर लागू होण्यासाठी स्विच बंद होऊन पुन्हा सुरू व्हावा लागतो. जाणकार तंत्रज्ञ म्हणूनच काही शिस्त पाळतो. आवृत्तीसोबतचे टिपण तो आधी वाचतो. फार जुन्या आवृत्तीवरून कधी कधी थेट उडी घेता येत नाही, मधली पायरी चढावी लागते. पेटीच्या नियंत्रक भागाशी नवी आवृत्ती जुळते किंवा नाही, हेही तो पाहतो. सध्याच्या मांडणीची प्रत तो स्विचबाहेर सुरक्षित ठेवतो. उतरवून घेतलेली फाईल मूळ आहे काय, हे उत्पादकाने दिलेल्या पडताळणी अंकाशी ताडून पाहतो. बहुतेक स्विचमध्ये दोन आवृत्त्यांना जागा असते. नवी रिकाम्या जागेत ठेवून जुनी तशीच राखली, म्हणजे बिघडल्यास मागे फिरता येते. काम चालू असताना वीज जाता कामा नये, कारण अर्धवट लिहिलेले फर्मवेअर यंत्राला उठूच देत नाही.

सर्वांत मोलाची गोष्ट पुढची. अशा पेटीत सहसा दोन स्विच असतात आणि प्रत्येक संगणकाची दोन्हींशी जोडणी करता येते. एक स्विच बंद असताना दुसरा भार उचलतो. तंत्रज्ञ आधी हा भार खरोखर उचलला जातो का, याची परीक्षा घेतो. मग एकच स्विच अद्ययावत करतो. तो सुरळीत चालल्याची खात्री पटल्यावरच दुसऱ्याला हात लावतो. बैलजोडीतील दोन्ही बैलांचे पत्रे एकाच वेळी काढून कोणी गाडी रस्त्यावर आणीत नाही, तसेच हे.

हे सारे तंत्रज्ञाचे काम, त्यात आपला संबंध काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तंत्रज्ञाचे हात बांधले जातात ते पुष्कळदा कार्यालयात. रात्रीचे दोन तास सेवा थांबविण्याची परवानगी मागितली, की 'काम अडेल' हे उत्तर मिळते. शिष्यवृत्तीचे अर्ज, पगाराची देयके, दाखल्यांची गर्दी अशी कारणे दर महिन्याला निघतात आणि दुरुस्ती पुढे पुढे जाते. शेवटी यंत्र आपल्या सोयीने बंद पडते आणि ते दोन तासांवर थांबत नाही. शासनाच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची वर्दी केंद्रीय यंत्रणेला सहा तासांच्या आत द्यावी लागते आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. ज्या स्विचकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिले नाही, त्याच्या बाबतीत हे पाळणे सोपे नाही.

म्हणून अधिकाऱ्यांनी खरेदीच्या करारातच किती वर्षे सुधारित आवृत्त्या मिळतील, हे लिहून घ्यावे. देखभालीचे तास वर्षाच्या आरंभी ठरवून वेळापत्रकात नोंदवावेत. शिक्षकांनी अर्जांची अंतिम तारीख त्या रात्रीला लागून येणार नाही, हे वेळीच कळवावे. पंचायत सदस्यांनी सूचना फलकावर आगाऊ माहिती लावावी, म्हणजे सातबाऱ्यासाठी आलेला शेतकरी हेलपाटा घालणार नाही. ठरलेल्या वेळी थांबलेली सेवा लोक समजून घेतात. अचानक थांबलेली सेवा विश्वास घालविते.

कारखाना बारा महिने चालवावा, असा हट्ट वारणेत कोणी धरीत नाही. जाळे मात्र क्षणभरही थांबू नये, अशी अपेक्षा सर्वांचीच असते. ती पुरी व्हावयाची असेल, तर त्यालाही त्याचा लहानसा बिगरहंगाम आपणच मोकळ्या मनाने द्यावयास हवा.