लघवीच्या पिशवीतली केमो आणि घरची काळजी

मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक उरकल्यावर एक वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, यांना लघवीच्या पिशवीत केमो देतात. फार आग होते, आता जाणारच नाही म्हणतात. काय करू?"

हे औषध शिरेतून देत नाहीत, नळीने थेट मूत्राशयात सोडतात. ते बहुतेक तिथेच राहतं, म्हणून सहसा केस गळत नाहीत. त्रास होतो तो लघवीचा. आग होते, सारखं जावं लागतं. बहुधा दोन-तीन दिवसांत हे कमी होतं.

डोस घ्यायच्या आधी काही तास पाणी-चहा कमी ठेवा. पिशवी भरलेली असली तर औषध पातळ होतं आणि तास-दोन तास धरवत नाही. बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल, तर ती त्या दिवशी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा.

बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलला जा की सोलापूरला, परतीच्या एसटीची घाई नको. औषधाची पहिली लघवी दवाखान्यातच होऊ द्या. वाटेत कपड्यात झाली तर कातडीला औषध लागून पुरळ उठतं. त्यानंतर मात्र भरपूर पाणी, आणि चहा-तिखट कमी.

घरी आल्यावर सहा तास पुरुषांनीही बसूनच लघवी करायची, तीही संडासात. मोरीत नाही, बांधावर नाही. दर वेळी हात आणि लघवीची जागा साबणाने धुवायची. खराब कपडे हातमोजे घालून वेगळे धुवा. घरात गरोदर सून असेल तर हे काम तिला देऊ नका.

काहींना केमोऐवजी बीसीजी देतात. बाळाच्या दंडावर टोचतात तीच लस, पण मूत्राशयासाठी वेगळी बनवलेली. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ती बनवते. तिच्यात जिवंत जंतू असतात, म्हणून लघवीनंतर संडासात ब्लीच ओतून १५ मिनिटं थांबायचं, मग पाणी टाकायचं. ताप उतरत नसेल तर लगेच दवाखाना गाठायचा.

आता वहिनींच्या घरचं. नवऱ्याने आगीचं दवाखान्यात सांगितलंच नव्हतं. बायामाणसांपुढे कसं बोलायचं, म्हणे! नर्सबाईंना हे रोजचंच असतं हो. शेवटी वहिनींनीच सांगितलं. लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि डोस आठवडाभर पुढे ढकलला. परवा ते दोघं पुढच्या डोसाला जाऊन आले.