न मिटणारा त्रिकोण

शाळेत रोबॉट आणला की मुलांचे गणित सुधारते, असे विक्रेते सांगतात आणि पालक मान डोलावतात. माझे मत जरा वेगळे आहे. रोबॉटचा गणिताला खरा उपयोग एकच : मुलाची चूक तो रागावल्याशिवाय जमिनीवर मांडून दाखवतो. १९६७ साली अमेरिकेतील केंब्रिजमध्ये सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. लवकरच तिच्या हुकमावर जमिनीवर चालणारे यांत्रिक कासव आले. त्या कासवाकडून समभुज त्रिकोण काढून घ्या. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा हे पाठ असलेला मुलगा ‘पुढे ५०, उजवीकडे ६०’ असे तीनदा सांगतो, आणि आकृती मिटतच नाही. तोच हुकूम सहादा दिला तर षट्कोन होतो! वळायचे असते १२० अंश, कारण कासव बाहेरच्या कोनातून वळते आणि पूर्ण फेरीत ३६० अंश फिरते. मुलगा उठून स्वतः त्या वाटेने चालून पाहतो, तेव्हा हे त्याला उमगते. वहीत लाल फुली मिळते, पण आपले नेमके कुठे बिनसले ते तिथे दिसत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातून आला. रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांना १९८४च्या सुमारास आढळले की, वर्षभर लोगो शिकलेली मुले कामाचे नियोजन करण्यात इतरांपेक्षा सरस ठरली नाहीत. हा निष्कर्ष मी मान्य करतो. यंत्राशी खेळून सगळी बुद्धी तल्लख होते, हा दावा त्याने निकालात काढला. पण कोन, लांबी, आकृती यांची समज हा निराळा प्रश्न आहे. डग्लस क्लेमेंट्स आणि मायकेल बॅटिस्टा यांच्या अभ्यासांत तिथे लाभ दिसला, मात्र शिक्षकाने विचारपूर्वक आखलेल्या कामातून. ‘कासव असे का वळले?’ हे विचारणारे कोणी नसेल, तर मूल आकडे बदलत राहते आणि आकृती जमली की पुढे जाते.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तोही खोटा नाही. पडद्यावरचे कासव फुकट मिळते. एका मुलाने हुकूम द्यायचे आणि दुसऱ्याने खडूच्या रेघांवर चालायचे, हेही चालते. यंत्राची गरज मला वाचता न येणाऱ्या वयात अधिक दिसते. बी-बॉट हा बटणांचा छोटा रोबॉट एका दाबाला १५ सेंटीमीटर सरकतो. तीन घरे पुढे न्यायचे तर बरीच मुले रोबॉट उभा असलेले घरच ‘एक’ म्हणून मोजतात, आणि रोबॉट एक घर पलीकडे जाऊन थांबतो. पट्टीवर १ पासून लांबी मोजणाऱ्या मुलाचा घोटाळा याच जातीचा. मात्र हाच बी-बॉट फक्त ९० अंशांत वळतो. त्रिकोणासाठी तो कुचकामी.

आपल्याकडे २०१६ पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब या रोबॉट वगैरे बनवून पाहण्याच्या शालेय प्रयोगशाळा सहावी ते बारावीसाठी आहेत, गणिताचा पाया मात्र पहिली-दुसरीतच कच्चा राहतो. म्हणून शाळांच्या संचालकांना माझी विनंती आहे : यंत्राची ऑर्डर देण्याआधी पहिली-दुसरीच्या बाईंना बोलवा, त्यांनी पाठ्यपुस्तकातला कोणता धडा त्यावर घ्यायचा ते ठरवू द्या, आणि त्या तयारीसाठी त्यांना आठवड्याचे दोन तास मोकळे द्या.