नदीकांठच्या तरुणांस समुद्राविषयीं दोन शब्द



ज्युबिलीनिमित्त आपल्या तरुणांनीं तारकर्लीस, कर्ली नदीच्या खाडींत, कयाक वल्हविण्याचा बेत केला आहे, याचा आम्हांस आनंद वाटतो. कयाक म्हणजे मूळची इन्युइट शिकाऱ्यांची, कातड्यानें मढविलेली अरुंद होडी.

आपण गोदाकांठचे लोक. गोदावरी अरबी समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरांवर उगम पावते, तरी त्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर पूर्वेसच वाहते. खाडीचें पाणी मात्र दिवसांतून दोनदां आंत येतें व दोनदां बाहेर जातें. ओहोटीबरोबर होडी सहज समुद्राकडे जाते. परततांना तीच धार बाहूंचें बळ हरण करते. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीस भांग. सबब तिथि पाहूनच निघावें, तेथील तांडेलाचें ऐकावें, अंगांतलें जीवरक्षक जाकीट उतरवूं नये. खारफुटीची फांदीहि मोडूं नये. तिच्या मुळांच्या आश्रयानें मासळीचीं पिलें वाढतात.

२०१६ सालीं ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्याच्या लेंकरांस पाण्याचें मोल शिकविण्याची गरज नाहीं. त्याचें बळ तेवढें शिकावयाचें आहे. परमेश्वर तुम्हांस सुखरूप नेवो व सुखरूप परत आणो.