तापूनही न फुगणारा स्फटिक

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवायची म्हणजे लोहार ती आधी लालबुंद तापवतो. तापून मोठी झालेली धाव चाकावर सहज बसते आणि पाणी पडताच आकसून त्याला आवळते. तापल्यावर पसरावे, निवल्यावर आकसावे, हा पदार्थांचा धर्म आपल्या इतका परिचयाचा आहे, की त्याला अपवाद असेल असे मनातही येत नाही. आज अशाच एका अपवादाविषयी बोलावयाचे आहे.

फ्रान्समधील ग्रेनोबल येथे ८४४ मीटर परिघाचे एक विशाल सिंक्रोट्रॉन यंत्र आहे. त्यात प्रचंड वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून अतिप्रखर क्ष-किरण निघतात. या किरणांत अनेक तरंगलांबींची सरमिसळ असते. संशोधकाला बहुधा एकच हवी असते. ती निवडण्याचे काम सिलिकॉनचा स्फटिक करतो. अणूंच्या थरांतील अंतर व किरणांचा कोन यांचा मेळ जिच्याशी बसेल, तीच तरंगलांबी परावर्तित होते. हा नियम शोधणाऱ्या ब्रॅग पितापुत्रांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

निवडलेला अंश पुढे जातो. उरलेली बहुतेक ऊर्जा स्फटिकातच मुरते. शेकडो वॅट उष्णता इवल्याशा जागेवर पडली, की तेथे सूक्ष्म उंचवटा येतो. डोळ्यांना तो दिसणार नाही. परंतु परावर्तनाचा कोन अवघ्या काही विकलांइतका काटेकोर असतो, आणि एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग! तेवढ्या फुगवट्याने किरण विखुरतात, आणि एवढ्या खर्चाने मिळवलेली प्रखरता वाया जाते.

यावर उपाय सापडला तो द्रवरूप नायट्रोजनचा. त्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते. सिलिकॉन थंड होऊ लागला, की त्याची उष्णतावाहकता वाढते. उणे १४८ अंशांच्या आसपास ती नेहमीच्या सुमारे चौपट होते. आणि नेमक्या याच तापमानाला त्याचे प्रसरण शून्यावर येते! त्याहून थंड असता सिलिकॉन तापवल्यास उलट आकसतो. म्हणून किरण पडतात तो भाग या तापमानाच्या जवळपास राहील, अशी योजना करतात.

तरीही काम संपत नाही. स्फटिकाला थंड ठेवणारे ठोकळे बहुधा तांब्याचे असतात. इतक्या थंडीत दहा सेंटिमीटर तांबे सुमारे ०.३ मिलिमीटर आकसते. सिलिकॉन त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही नाही. ठोकळे घट्ट आवळावेत तर स्फटिक वाकतो, सैल ठेवावेत तर उष्णता वाहून जात नाही. म्हणून मध्ये इंडियम या मऊ धातूचा पातळ पत्रा घालतात. नायट्रोजन उकळून त्याच्या बुडबुड्यांनी स्फटिक थरथरू नये, यासाठी तो दाबाखाली खेळवावा लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी? पेशीत प्रथिने घडवणाऱ्या रायबोझोमची रचना सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनीच उलगडली, आणि त्या कार्यासाठी वेंकटरामन रामकृष्णन यांना इतर दोघांसह २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या इंदूरलाही इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन आहे.

स्फटिकावरचा भार कोणी हलका केला नाही. तो होता तेवढाच आहे. तो सोसूनही ज्या स्थितीत आकार बिघडत नाही, ती स्थिती तेवढी शोधून काढली. ज्यांच्यावर भार टाकावयाचा, त्यांच्यासाठी अशी स्थिती शोधणे हे टाकणाऱ्याचे कर्तव्य आहे, एवढे या निर्जीव स्फटिकापासून शिकता येईल.